वकील न लावता ग्रीन कार्डचा अर्ज

नवरा अमेरिकन सिटिझन, मी स्टुडंट व्हिसावर, त्यामुळे आय-१३० (नवऱ्याने बायकोसाठी भरायचा फॉर्म) आणि आय-४८५ (माझा ग्रीन कार्डचा अर्ज) एकत्रच भरले, सोबत स्पॉन्सरशिपचा, म्हणजे खर्चाच्या हमीचा आय-८६४ आणि डॉक्टरांनी सीलबंद करून दिलेला मेडिकलचा लिफाफा, तो आता अर्जासोबतच लावावा लागतो.

फॉर्म काही अवघड नाहीत हो, वेळ खाल्ला तो माझ्या जन्मदाखल्याने. जुना, हाताने लिहिलेला, सगळा मराठीत आणि बाळाचं नाव हा रकानाच कोरा! आईने नगरपालिकेत चार खेटे घातले तेव्हा कुठे नाव चढलं. भाषांतर मैत्रिणीने केलं, खाली दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण नि अचूक आहे असं लिहून सही केली, तेवढं पुरतं.

लग्न खरं आहे हे दाखवायला लग्नाचे फोटो ढीगभर होते, पण मला विचाराल तर घरभाड्याचा दोघांच्या नावाचा करार आणि जॉइंट बँक अकाउंट जास्त मोलाचं. आणि प्लीज, अॅडव्हान्स पॅरोल (अर्ज चालू असताना बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी) हातात आल्याशिवाय भारतात जाऊ नका, माझ्यासारखे स्टुडंट व्हिसावर असाल तर अर्ज सोडून दिला असं धरतात. चुलतभावाचं लग्न मी व्हिडिओ कॉलवर बघितलं, अक्षता पडताना रडू आलं.

व्हिसा संपून गेलाय किंवा जुनी पोलीस केस आहे, तर मात्र वकील कराच.