काळ्या इरकलीवरचं वृंदावन आणि रसाच्या बाटल्या

१७ मे

पहाटे साडेसहाला पडवीत येऊन बसले. मांडीवर पांढरा पंचा, त्यावर भाचीची काळी इरकल. पंचा मुद्दाम घेते. काळ्या कापडाखाली पांढरं असलं की ताण्याबाण्यातली भोकं दिसतात, आणि कसुतीत, म्हणजे या कानडी भरतकामात, ती दिसली नाहीत तर पुढचं काहीच जमत नाही. इथे छापा नाही, पेन्सिलीची रेघ नाही. नुसते धागे मोजायचे. चार वर, चार आडवे, पुन्हा चार वर.

साडी तिच्या पहिल्या संक्रांतीसाठी आहे. संक्रांत जानेवारीत, मग मे महिन्यात एवढी घाई कशाला, असं हे विचारतात. माझं माहेर बेळगाव. तिथे शेजारच्या अक्कांनी मला हा टाका शिकवला तेव्हा मी बारा वर्षांची होते, डोळे लख्ख. आता पन्नाशी उलटली. मृग लागला की आमच्या या घरात दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो, आणि दिव्याच्या उजेडात काळ्यावरचे धागे मला मोजता येत नाहीत. शिवाय पावसाळ्यात घडीतल्या कपड्यालाही बुरशी येते. साडी तेव्हा कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून ट्रंकेतच जाते. म्हणजे माझ्या हातात उजेड आहे तो याच महिन्यातला.

आणि हाच उजेड साठांनाही हवा, म्हणजे आंब्याचा रस ताटांत वाळवून केलेल्या पोळ्यांना. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, ताटं मांडलेली आहेत, आमसुलं पसरलेली आहेत, आणि आढीतला आंबा रोज थोडा थोडा तयार होतोय.

२१ मे

आज रसाच्या बाटल्या. बारीक नि डागी आंबा दरवर्षी आम्ही किलोवर कॅनिंगच्या गाडीला घालतो. यंदा दर ऐकला आणि आई म्हणाल्या, "नको गं, घरातच करूया. पोरांना वर्षभर होईल." मला त्यांचं पटलं. आपल्या कलमांचा आंबा दुसऱ्याच्या डब्यात गेला की पुन्हा आपल्याला भेटत नाही.

आधी हातांना खोबरेल तेल लावून घेतलं, नाहीतर चिकाने बोटं पोळतात. रस काढला, चाळणीवर घासून दशी काढली. स्टीलच्या टोपात मंद आचेवर ठेवून ढवळत राहिले. तळाला लागला तर सगळ्या बाटल्यांना तो वास लागतो. हापूस गोड, म्हणून किलोला पाच ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालते. आंबटपणा पुरेसा असला की रस टिकतो. तो कमी पडला तर बाटलीत काय वाढेल ते डोळ्यांना दिसतही नाही, त्यामुळे इथे मी अंदाजावर जात नाही, काटा घेते. बाटल्या आधीच उकळून पालथ्या घातलेल्या होत्या. रस कढत असतानाच भरायचा, गळ्याशी दोन बोटं जागा सोडायची, बूच दाबायचं. मग मोठ्या टोपाच्या तळाशी गोणपाट, त्यावर बाटल्या उभ्या, पाणी गळ्यापर्यंत, आणि उकळी फुटल्यापासून अर्धा तास.

त्या अर्ध्या तासात साडी आणावी असं फार वाटलं. आणली नाही. तेलाचा हात, वाफ, चुलीचा धूर. त्याऐवजी हात बेसन लावून तीनदा धुतले आणि उद्यासाठी सहा सुयांत धागे ओवून पिनकुशनला टोचून ठेवले. लाल दोन, हिरवे दोन, नारिंगी, जांभळा.

बाटल्या काढून गोणपाटावरच ठेवल्या. गेल्या वर्षी लादीवर ठेवली आणि एक जागीच तडकली होती, तो पिवळा ओघळ अजून आठवतो. आज एकोणीस झाल्या.

२४ मे

आज सकाळ वाया गेली, आणि चूक माझीच.

गवंती हा कसुतीतला एक प्रकार. त्यात टाका जाताना एक सोडून एक पडतो आणि परत येताना मधली रिकामी घरं भरतात, म्हणून पुढून-मागून नक्षी सारखी दिसते. गाठ कुठेच मारायची नाही. (गंटु म्हणजे कानडीत गाठ, त्यावरून गवंती असं अक्का सांगायच्या.) वाटेत नक्षीची फांदी आली की तिकडे जाऊन, तिथून परत येऊन मगच पुढे निघायचं. परवा साडीवरच्या तुळशी वृंदावनाच्या उजव्या कोनाड्याशी पोचले होते, तेवढ्यात आईंची हाक आली की आढीतला आंबा एकदम तयार झालाय. तशीच उठले. आज बसले तर कोनाड्याची फांदी घेतली होती की घ्यायची होती तेच कळेना. घेतली नसावी असं धरून पुढे गेले. वीसेक टाक्यांनंतर कळस मधल्या रेघेवर येईना, एका धाग्याने उजवीकडे सरकत होता. कुठेतरी चाराऐवजी पाच मोजले होते. एकेक टाका उलटा काढत मागे आले, दोन तास गेले. काळ्या सुताला ओढ बसू नये म्हणून सुईच्या मागच्या टोकाने उचलावा लागतो.

आता ठरवलंय. घर कितीही लहान घ्यावं, पण परतीचा टाका पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही. आईंनाही सांगितलं. त्यांनी लगेच मान डोलावली, "बाटल्या उकळत असताना मी तरी उठते का कुठे?"

३० मे

रोहिणी लागून पाच दिवस झाले. दुपारी ढग, रात्री वळवाची सर. साठांची ताटं दिवसातून तीनदा आत-बाहेर. आढीत आता शेवटचे साठेक आंबे. माझा दिवस असा बसलाय: साडेसहा ते नऊ साडी, कारण तेव्हा बोटं कोरडी आणि मऊ असतात. नंतर आंबा. एकदा चीक लागला की बोटांची सालं निघतात, आणि खरखरीत बोटाला रेशीम अडकतं. उलट क्रम एकदा करून पाहिला, जमला नाही.

साडीवर हत्ती आणि पालखी यंदा होणार नाहीत. बहिणीला फोन करून तसं सांगितलं. ती म्हणाली, "वृंदावन आणि काठाला मेंथीची ओळ, पुरे आहे गं." मेंथी म्हणजे फुल्यांचा टाका, तो हाताला लवकर येतो.

६ जून

बाटल्या एकूण बावन्न. फळीवर आडव्या ठेवून बघितल्या, एकीचंही बूच पाझरत नाही.

सकाळी कळस मधोमध आला. परतीचे अकरा टाके राहिले होते तेव्हा खळ्यात पहिले थेंब वाजले. आई ताटं उचलायला धावल्या आणि मी उठणार तेवढ्यात त्याच ओरडल्या, "तू बस, पुरं कर!" साडी घेऊन दाराच्या उंबऱ्याशी सरकले, तिथे अजून उजेड होता. सात, सहा, पाच. आत आईंनी कडुनिंबाचा पाला सुपात काढून ठेवला होता.