५७ टक्के आर्किटेक्ट

मध्यंतरी ऑफिसात (स्टुटगार्टला आर्किटेक्चर शिकतेय, स्टुडंट म्हणून पार्ट टाइम जाते तिथे) एका सिनियर बाईंनी मला कॉफी मशीनपाशी गाठलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की तुझ्या मेलच्या सहीत नावाआधी जे 'आर्किटेक्ट' लिहिलंयस ना, ते काढ, आणि आजच काढ, कोणी तक्रार केली तर दंड होऊ शकतो. रागावल्या नव्हत्या, उलट माझ्या काळजीनेच बोलत होत्या, पण मला लागायचं ते लागलंच. मी म्हटलं, अहो पण मी आर्किटेक्ट आहे. तर म्हणे हो गं, आहेसच, फक्त म्हणायचं नाही.

मग दोन दिवस मी फक्त हेच वाचत बसले. इथे जर्मनीत प्रत्येक राज्याचा स्वतःचा आर्किटेक्ट कायदा आहे, राज्याच्या चेंबरच्या (म्हणजे आर्किटेक्टांच्या अधिकृत संस्थेच्या) यादीत नाव चढलं तरच तुम्ही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ शकता, आणि नाव चढायला किमान चार वर्षांचं शिक्षण, त्यानंतर दोन वर्षांचा अनुभव, वर ट्रेनिंग्ज आणि दरवर्षीची फी. आमच्या बाडेन व्युर्टेमबर्गमध्ये मधल्या दोन वर्षांसाठी वेगळं नाव आहे, 'आर्किटेक्ट इम प्राक्टिकुम', म्हणजे आपल्या भाषेत ट्रेनी आर्किटेक्ट. पुण्यात ज्या बाईच्या (म्हणजे माझ्या) सहीशिवाय स्लॅबच्या सळयांचं, म्हणजे स्टीलचं चेकिंग झालं असं कोणी मानत नव्हतं, ती इथे डिग्री घेतल्यावरही आधी ट्रेनी होणार. छान.

आता कोणी म्हणेल की आपल्याकडेही तेच आहे की. आहे ना, १९७२ चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट आहे, त्यात कलम ३७ आहे, कौन्सिलमध्ये रजिस्ट्रेशन नसेल तर आर्किटेक्ट लावायचं नाही. आणि माझं रजिस्ट्रेशन आहे! पाच वर्षं बी.आर्क., त्यातलं ट्रेनिंग, थिसीसच्या ज्युरीत (म्हणजे परीक्षकांसमोर) झालेलं वस्त्रहरण, हे सगळं करून नंबर मिळवलाय. फक्त मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे कलम नाव वापरण्याबद्दल आहे, काम करण्याबद्दल नाही, म्हणजे नाव राखीव आणि काम सगळ्यांना मोकळं. हे ऐकून तेव्हा आमच्या ऑफिसात सगळे भडकले होते आणि मीही भडकले होते. सांगलीत आमच्या गल्लीत निम्म्या घरांचे प्लॅन कॉन्ट्रॅक्टरने काढलेत आणि त्याला सगळे इंजिनियर साहेब म्हणतात. आज इथे बसून मी त्याच कडकपणावर चिडतेय जो मला तिथे हवा होता, हे मला कळतंय, पण चिडणं थांबत नाही त्याला काय करणार. माझ्या जर्मन क्लासमेट्सना विचारलं तर ते म्हणाले आम्हीही पास झाल्यावर लगेच लावू शकत नाही, सगळ्यांना सारखंच आहे. ह्याने मला शून्य बरं वाटलं. आणि सगळ्यात गंमत म्हणजे आमचे काका गावभर सांगत फिरतायत की पुतणी जर्मनीत आर्किटेक्ट आहे, त्यांना फोन करून सांगावं लागेल की काका, दंड होईल.

पण खरा विषय सही नाही, पोर्टफोलिओ आहे, म्हणजे आपली निवडक कामं दाखवणारं पुस्तक.

अ‍ॅडमिशनसाठी मी जो पोर्टफोलिओ पाठवला होता त्यात अर्धी पानं कॉलेजची आणि अर्धी पानं पुण्यातल्या कामाची होती. कामाची म्हणजे काय, तर सोसायट्यांचं रिडेव्हलपमेंट. तीन मजली जुनी बिल्डिंग पाडायची, अकरा-बारा मजली उभी करायची, डिसेंबर २०२० मध्ये युनिफाइड डीसी रूल (बांधकामाची एकत्रित नियमावली) आला त्यानंतर तर आमच्याकडे एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येईल ते), टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) आणि पार्किंगच्या तक्त्यांशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. मी त्यातली वर्किंग ड्रॉइंग्ज (साइटवर बघून बांधतात ती) टाकली, टॉयलेटच्या संकन, म्हणजे खाली घेतलेल्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग, जिन्याचे डिटेल, एका टॉवरचे साइटवरचे फोटो. पहिल्या सेमिस्टरला स्टुडिओच्या (डिझाइनच्या वर्गाच्या) प्रोफेसरांनी तो चाळला, कॉलेजच्या पानांवर थांबले, म्युझियमचं एक रेंडर (कॉम्प्युटरवर केलेलं चित्र) होतं ते निरखून पाहिलं (त्या म्युझियमला धड टॉयलेटसुद्धा नव्हतं), आणि कामाच्या पानांवर आले तेव्हा विचारलं, ह्यात तुमचं डिझाइन कुठलं?

ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. प्लॅन बिल्डर ठरवतो, कार्पेट एरिया सभासदांच्या मीटिंगमध्ये ठरतो, किचनची दिशा वास्तुवाले ठरवतात, एलिव्हेशन बॉसची बायको ठरवते, आणि मग उरतं ते सगळं मी करते. पण त्या बिल्डिंगमध्ये लोक राहतायत हो! पावसाळे गेले, गळली नाही अजून. रेंडरमधलं म्युझियम गळतं की नाही हे कोणाला कधी कळणार?

इथला स्टुडिओ म्हणजे सेमिस्टरभर एकच प्रोजेक्ट, मध्ये एक-दोन ज्युरी आणि शेवटी एक मोठी. मला मिळालेला विषय होता शहरातलं सत्तरच्या दशकातलं बंद पडलेलं डिपार्टमेंट स्टोअर, त्यात घरं करायची. अट एकच, पाडायचं नाही. मी सवयीने आधी प्लॉट मोजला आणि किती एफएसआय शिल्लक आहे ते शोधायला लागले, शेजारचा मुलगा बघतच राहिला. इथे पाडणं हा शब्द स्टुडिओत उच्चारला की लोक असे बघतात जसं काही तुम्ही मांजर मारायचं म्हणालात. त्याला कारण आहे म्हणा. जर्मनीतल्या एकूण कचऱ्यात निम्म्याहून जास्त कचरा बांधकाम आणि पाडकामाचाच असतो, शिवाय जगातल्या कार्बन डायऑक्साइडमधला अंदाजे ८ टक्के एकट्या सिमेंटचा. आणि स्टुटगार्टची ह्या बाबतीतली जखम वेगळीच आहे. एरिक मेंडेलसोननी १९२०च्या दशकात इथे शॉकेन नावाचं डिपार्टमेंट स्टोअर बांधलं होतं, काचेचा गोल जिना असलेलं, ते १९६० मध्ये पाडलं आणि त्या जागी एगॉन आयरमनचं दुसरं स्टोअर आलं. पाडल्याला साठ वर्षं होऊन गेली तरी प्रत्येक प्रोफेसर एकदा तरी तो फोटो दाखवतोच. मला ते पाहून थोडं हसू येतं आणि थोडा हेवा वाटतो. आम्ही पुण्यात किती आणि काय काय पाडलं त्याचे फोटो दाखवायचे तर लेक्चर संपणार नाही.

तर प्रश्न असा होता की स्टोअरचा मजला प्रचंड खोल, खिडक्या फक्त बाहेरच्या कडेला, मधल्या भागात दिवसासुद्धा काळोख. दुकानाला चालतं, घराला चालत नाही. बाकीच्यांनी मध्यभागी एक मोठा चौकोन कापला आणि झाडं लावली. मला माहीत होतं की मी पण तेच केलं आणि वर 'हा आमच्याकडच्या वाड्याचा चौक' असं म्हटलं की सगळे माना डोलावतील, इथे भारतीय मुलीकडून कोर्टयार्डच अपेक्षित असतं. दोशी, कोरिया, बिजॉय जैन ही तीन भारतीय आर्किटेक्टांची नावं सगळ्यांना पाठ आहेत, दोशींचं तर २०१९ मध्ये इथे वाइल आम राइनला विट्रा डिझाइन म्युझियममध्ये मोठं प्रदर्शन झालं होतं, आणि त्यामुळे इथल्यांना वाटतं आपण सगळे रोज विटांच्या कमानीखाली बसून स्केचिंग करतो. (दोशींचा जन्म पुण्याचा, हे मात्र मी प्रत्येकाला सांगते, ह्याचा पोर्टफोलिओला काही उपयोग नसला तरी.)

मी चौक कापला नाही. मी डक्ट कापल्या. आपल्या बिल्डिंगला असते ना ती, टॉयलेटच्या खिडक्या जिच्यात उघडतात, पाइप उतरतात, खालच्यांच्या फोडणीचा वास वर येतो, कोणाचा तरी पडलेला मोजा पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर वर्षानुवर्षं असतो. मला डक्ट माहितीय. किती रुंद केली की पाचव्या मजल्यापर्यंत उजेड पोचतो आणि किती अरुंद झाली की नुसती कबुतरं पोचतात, हे मी भोगून शिकलेय, कारण बिल्डर दर मीटिंगला त्यातला अर्धा फूट मागायचा. जुनं कॉलम ग्रिड न हलवता फक्त बीमच्या मधला स्लॅब कापायचा, म्हणजे स्ट्रक्चरला धक्का कमी, आणि एक मोठं भोक पाडण्याऐवजी बऱ्याच लांबट डक्ट, प्रत्येकीच्या दोन बाजूंना किचन आणि बाथरूम, पाइपांचा शाफ्ट तिथेच, आणि वर दोन मजल्यांवर ती रुंद होत जाऊन तिथे बसायची जागा. ज्युरीत बाहेरून आलेल्या एका बाईंनी विचारलं हा ऐतिहासिक प्रकार आहे का तुमच्याकडे. मी म्हटलं नाही, ही आमच्याकडची सगळ्यात कमी लाडकी जागा आहे, कोणी तिचा फोटो काढत नाही. त्या हसल्या आणि मग अर्धा तास फक्त सेक्शनवर (बिल्डिंगच्या उभ्या छेदावर) बोलत होत्या, धूर आत शिरला तर काय, आवाज किती घुमेल, देखभाल कोण करणार. आगीच्या प्रश्नावर मला घाम फुटला, पण पाइप बदलायला माणूस कुठून शिरेल ह्याचं उत्तर मी झोपेतही देऊ शकते.

आणि आता माझं लाडकं गणित. इथे आर्किटेक्टच्या फीसाठी एक नियमावली आहे, तिला सगळे 'होआई' म्हणतात, त्यात बिल्डिंगच्या कामाचे नऊ टप्पे आणि प्रत्येकाचा टक्का छापलेला आहे. प्राथमिक माहिती २, प्राथमिक आराखडा ७, डिझाइन १५. इथपर्यंत झाले २४, आणि स्टुडिओ साधारण इथेच संपतो. परवानगीचे ३. मग वर्किंग ड्रॉइंग्जचे २५ आणि साइटवरच्या देखरेखीचे ३२. बेरीज करा, ५७! जर्मनांच्याच पुस्तकाप्रमाणे मी पुण्यात जे करत होते ते आर्किटेक्टच्या कामातलं ५७ टक्के आहे आणि पोर्टफोलिओत जिथे प्रोफेसर थांबले ते २४. मी हे ऑफिसात त्या बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या बरोबर आहे, म्हणूनच तर दोन वर्षांचा अनुभव मागतात. त्याही बरोबर आहेत. पण मग पुण्यातला अनुभव मोजा ना! तो कागदपत्रं दाखवून, भाषांतरं करून, केस बाय केस बघतील म्हणे. साइटच्या डायऱ्या आईने रद्दीत घातल्या नसतील तर बरं.

एका गोष्टीपुढे मात्र माझं तोंड बंद होतं. आमच्या ग्रुपमध्ये एक मुलगा आहे, तो आर्किटेक्चरला यायच्या आधी रीतसर सुतारकाम शिकलाय, छपरं बांधणारा सुतार, तीन वर्षांची अप्रेंटिसशिप, परीक्षा देऊन. त्याने मॉडेलमध्ये लाकडाचा जो जोड केला तो बघून मी माझा फेविकॉल बॅगेत टाकला. ह्या सुतारांची अजून एक प्रथा चालू आहे, शिकून झाल्यावर तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव फिरत काम करायचं, काळे कॉर्डरॉयचे कपडे, खाली रुंद होणारी पँट, डोक्यावर हॅट, आणि तेवढ्या काळात स्वतःच्या गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. स्टेशनवर कधी कधी दिसतात असे. मी मनात म्हटलं पन्नास किलोमीटर काय घेऊन बसलात, आम्ही सात हजार किलोमीटरवर आलोय आणि आम्हाला हॅटसुद्धा मिळाली नाही.

पण चेष्टा सोडा. आमच्या साइटवर एक सुतार मिस्त्री होते, सेंट्रिंगचं काम करायचे, गोल जिन्याचं शटरिंग नुसतं जमिनीवर खडूने आखून उभं करायचे, ड्रॉइंगमधली चूक ते मला 'मॅडम, एवढं बघून घ्या' म्हणून सांगायचे. त्यांच्याकडे परीक्षेचा कागद नाही, यादीत नाव नाही. ते इथे आले असते तर त्यांना कोणी स्टुडिओच्या दारातही उभं केलं नसतं. तिथे तरी आम्ही त्यांना काय दिलं म्हणा, हजेरी आणि चहा.

आमच्या इथून थोड्या अंतरावर टेकडीवर वाइसेनहोफ आहे, १९२७ मध्ये मीस व्हॅन डर रोह ह्या जर्मन आर्किटेक्टच्या देखरेखीखाली सतरा आर्किटेक्टनी केलेली वसाहत, त्यातली कॉर्बुझिएची दोन घरं २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, त्याच यादीत त्याचंच आपलं चंदीगडचं कॅपिटॉलही (सरकारी इमारतींचा परिसर) आहे. मी सही बदलली त्या शनिवारी तिथे गेले होते. मीसकडे आर्किटेक्चरची डिग्री नव्हती, वडिलांच्या दगडकामातून वर आलेला माणूस. कॉर्बुझिएकडेही नव्हती. ऑफिसातल्या बाईंना सोमवारी हे ऐकवलं. त्या म्हणाल्या, त्या दोघांना कोणी घाईने सही बदलायला लावली असती तर तेही तुझ्यासारखेच फुगून बसले असते.

पुण्यातल्या ज्युनियर मुली मेसेज करून विचारतात की पोर्टफोलिओत काय टाकू, म्हणून सांगते. कॉलेजचं म्युझियम पुढे टाका, पाहतात ते. पण वर्किंग ड्रॉइंग्ज काढू नका, फक्त प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा की ह्यातलं तुम्ही काय ठरवलंत, भले अर्ध्या फुटाची डक्ट का असेना. आणि ऑफिस सोडण्याआधी अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, तारखांसकट, कामाच्या यादीसकट घ्या, बॉस देतो देतो म्हणून टाळेल तरी खुर्ची सोडू नका. मी ह्या सेमिस्टरला पन्नासच्या दशकातल्या चाळीवजा बिल्डिंगवर दोन मजले चढवायचा स्टुडिओ घेतलाय. पहिल्याच दिवशी प्रोफेसरांनी विचारलं की काम चालू असताना राहणाऱ्यांचं काय करायचं, तर सगळा वर्ग गप्प. मी विचारलं भाडं कोण भरणार, मालक की बिल्डर, आणि सामान हलवायचे पैसे वेगळे की त्यातच?