नाशिकजवळ गळ टाकायला गाइड घेताय? आधी गाळाचं विचारा

गाइडचे माणशी अडीच हजार ठरले होते. संध्याकाळी हिशेब झाला तेव्हा आकडा चार हजारांच्या पुढे सरकला होता आणि मांडीपर्यंतचा गाळ अजून वाळायचा होता. पोटऱ्या आजही ठणकताहेत, त्यामुळे पुढचं कडू लागलं तर लागू दे.

नाशकात ‘फिशिंग गाइड’ म्हणून जो भेटतो तो बहुतेक वेळा शहरातलाच हौशी गळवाला असतो. मोबाइलमध्ये हातभर मरळीचे फोटो, गाडीत चार रॉड आणि बोलण्यात ‘काही टेन्शन नाही भाऊ, सगळी सेटिंग आहे.’ ही सेटिंग कुणाशी, ते पाण्यावर पोचेपर्यंत कळत नाही. धरण आणि पाणी जलसंपदा विभागाचं. मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्याचं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणात त्यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिलं, विकत आणून सोडावी लागते. तुमच्या गळाला लागलेल्या रोहूचे पैसे कुणीतरी आधीच मोजलेले असतात, आणि तो माणूस काठावर येणारच.

आमच्याकडेही आला. ‘कोणाला विचारून बसले?’ एवढंच म्हणाला. आमच्या गाइडला त्याच क्षणी महत्त्वाचा फोन आला आणि तो बाभळीआड गेला. संस्थेचा माणूस सरळ होता, वाजवी पैसे घेतले, पावती दिली, वर ‘इथं कशाला बसले, मासा तिकडं आहे’ असंही सांगितलं. ते पैसे गाइडने ठरलेल्या रकमेत धरले नाहीत. होडीचे वेगळे, चाऱ्याचे वेगळे. रॉड आमचे असूनही ‘किट’चे लावले होते, ते भांडून काढायला लावले. फोनवरच विचारा: संस्थेची परवानगी कोण काढणार, पावती मिळणार का, होडी आत की बाहेर? उत्तरात ‘बघू ना तिथं गेल्यावर’ आलं की फोन ठेवून द्या.

आता तो गाळ. घोटीच्या पुढचं बॅकवॉटर आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांना रविवारची गर्दी नको आहे. मे महिन्यात पाणी बरंच मागे गेलेलं असतं. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेराची शेती, तिच्यापुढे भेगाळलेला पांढुरका पट्टा आणि मग पाणी. लांबून वाटतं, पाच मिनिटांची चाल. वरची खपली पायाखाली कडक लागते, म्हणून माणूस निर्धास्त चालतो. पाणी साधारण साठ-सत्तर पावलांवर राहिलं की खपली पातळ होते आणि एक पाय थेट गुडघ्यापर्यंत जातो. तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला की दुसराही जातो. पाठीवर सॅक, एका हातात रॉड, दुसऱ्यात चाऱ्याची बादली. गाइड मागे राहून ओरडत होता, ‘सरळ चला, सरळ!’ सरळ चालल्यावर मांडीपर्यंत गेलो. एवढ्या अंतराला अर्धा तास लागला आणि माझा एक सँडल तिथेच आहे. परतताना तोच पट्टा, भर उन्हात, मासळीविना.

तरीही जायचंच असेल तर ऐका. गमबूट नको, गाळ आत भरला की बूट पायातून निघतो. अनवाणीही नको, शिंपल्या आणि बाभळीचे काटे असतात. जुने लेसवाले कॅनव्हासचे बूट घोट्याला घट्ट बांधून घाला. गुरांच्या वाटेने उतरा, पण खूर गाईबैलांचे बघा. म्हशीच्या मागे गेलात तर ती तुम्हाला बरोबर लोळायच्या जागी नेऊन सोडते. पाय अडकला तर सरळ वर ओढू नका. मागे बसा, अंगाचा भार पसरू द्या, पाय हलवत हलवत बाजूने काढा. आणि खरं सांगायचं तर चिखलाचा काठ सोडाच, मुरमाचा किंवा खडकाळ उतार शोधा. ज्याला आपल्या पाण्याचा खडकाळ काठ माहीत नाही, तो गाइड नव्हे.

गाइड पारखायला मी आता एकच प्रश्न विचारतो: कटल्याला गळ किती खोल सोडायचा? कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. आमच्या महाशयांनी तिघांसाठी शिसं बांधून गळ तळाला बसवला. तिथे चिलापीची पोरं कणकेचे गोळे कुरतडत बसली आणि आम्ही दर पाच मिनिटांनी नवा गोळा लावत बसलो. चाऱ्याचंही तसंच. रोहू-मृगळसाठी जाणते लोक आदल्या संध्याकाळीच ठरलेल्या जागी पेंड आणि भाताचा कोंडा टाकून ठेवतात. आम्ही पोचल्यावर बादली कालवायला सुरुवात झाली, तेही साडेआठला. पहाटेचं ठरलं होतं, पण वाटेत पाथर्डी फाट्यावरून दुसरं गिऱ्हाईक उचलायचं होतं. उन्हाळ्यात दहानंतर मासा तोंड लावत नाही. म्हणजे पैसे दिवसाचे आणि मासेमारी दीड तासाची.

एक प्रकार मात्र डोक्यात गेला. उथळ पाण्यात लालसर पिलांचा घोळका दिसला की खाली मरळ राखणीला असते. तिथे बेडकाच्या आकाराचा लुअर, म्हणजे खोटं आमिष, टाकला की ती भुकेने नाही, पिलांसाठी झडप घालते. गाइडला ही हमखास युक्ती वाटते, कारण गिऱ्हाइकाला फोटो मिळतो. मरळ उचलली की पिलं बाकीच्या माशांच्या पोटात जातात. असा सल्ला देणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

लाइफ जॅकेट स्वतःचं न्या. होडी म्हणून जे पुढ्यात येतं ते कधीकधी थर्माकोलचे ठोकळे बांधलेला तराफा असतो. जाळंवाले त्यावर मांडी घालून जन्म काढतात, तुम्ही उभं राहून रॉड फिरवलात की पाण्यात. आणि गाइड ‘नांदूरमध्यमेश्वरला बसवतो, तिथं मोठे मासे’ म्हणाला तर साफ नाही म्हणा. ते पक्षी अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. वन्यजीव कायद्याखाली तुम्ही अडकाल आणि गाइडला पुन्हा महत्त्वाचा फोन येईल.

नंतर एकदा वैतरणेच्या बाजूला गेलो, ते छान झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

निघायच्या आदल्या दिवशी धरणातून आवर्तन, म्हणजे ठरल्या पाळीचं पाणी, सुटलंय का, ते गावात कुणालाही फोन करून विचारा. पाणी झपाट्याने उतरत असलं की काठ रोज पुढे सरकतो, चारा टाकलेली जागा कोरडी पडते आणि तुमच्या वाट्याला ताजा गाळ येतो. 

माझं मत विचाराल तर शहरातला गाइड घेऊच नका. आदल्या दुपारी धरणाच्या गावात जा, चहाच्या टपरीवर संस्थेचे लोक कुठे बसतात ते विचारा आणि परवानगी तिथेच काढा. मग जाळं टाकणाऱ्या एखाद्या मामांना सोबत यायची विनंती करा. पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका. एक दिवस जाळं सोडून ते तुमच्यासोबत बसणार आहेत. मासा लागला तर न्यायचा की सोडायचा तेही आधीच बोलून घ्या. काही संस्था किलोवर पैसे लावतात, आणि त्यांनीच सोडलेला मासा आहे म्हटल्यावर त्यात गैर काही नाही. चाऱ्याचे पैसे मामांच्या हातात संध्याकाळीच द्या, म्हणजे जागा रात्रीपासून तयार होते. तुम्ही पाचला काठावर हवेत, सहाला नाही.