तुम्ही विचारलंत म्हणून : आधी पाण्याची बाटली आणा

"मॅडम, डिशवॉशर घ्यायचं नक्की झालंय. एक नावाजलेल्या कंपनीचा आहे. दुसरा पंधरा हजारांनी स्वस्त आहे, पण ते नाव मी कधी ऐकलेलं नाही. कुठला घेऊ?"

गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये आमच्या मराठीच्या बाईंनी विचारलं. त्यांच्याआधी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं होतं, त्याआधी नणंदेने. 2020 च्या टाळेबंदीत मावशी यायच्या बंद झाल्या, तेव्हापासून हा प्रश्न मला सारखा येतो. आमच्याकडे डिशवॉशर 2014 पासून आहे आणि मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मला यातलं कळत असणार असं लोकांना वाटतं. थोडंफार कळतंही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

बाईंना मी उलट विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठलं?" त्या वाघोलीच्या पुढे राहतात. सोसायटीत बोअरचं पाणी, उन्हाळ्यात टँकर. म्हटलं, एका बाटलीत भरून आणा.

दुसऱ्या दिवशी बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत आम्ही दोघींनी त्याचं काठिण्य, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार किती, ते तपासलं. 50 मिली पाणी घ्यायचं, त्यात बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी या रंगद्रव्याचे दोन थेंब टाकायचे आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या नळीतून, हे क्षार धरणारं ईडीटीएचं द्रावण सोडायचं. द्राक्षाच्या रसासारखा लाल रंग शेवटी निळा होतो. आमच्या घरी खडकवासल्याचं पाणी येतं, त्याला जेमतेम 3 मिली लागतं. बाईंच्या पाण्याला 24 मिली लागलं. म्हणजे लिटरमागे 480 मिलिग्रॅम काठिण्य. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत चांगलं धरलंय आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे बाईंचं पाणी पिता येईल, पण डिशवॉशरच्या दृष्टीने ते फार क्षाराचं आहे. असं पाणी तापलं की गीझरमध्ये जमतो तसाच पांढरा थर यंत्राच्या हीटरवर जमतो, फवारणीच्या पात्यांची भोकं बुजतात आणि काचेचे पेले धुकं धरल्यासारखे दिसतात. मग लोक म्हणतात, ब्रँड वाईट निघाला.

यावर उपाय यंत्राच्या तळाशी असतो. तिथे रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी त्यांना पुन्हा ताजं करतं. डिशवॉशरमध्ये मीठ घालतात ते एवढ्याचसाठी. (पूर्वी हेच काम झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजाकडून करून घेत, त्याला परम्युटिट पद्धत म्हणत. आपल्या पुण्याच्या आसपासच्या बेसॉल्टच्या खाणींत स्टिल्बाइट, ह्युलंडाइट असे देखणे झिओलाइट सापडतात. हे वर्गात सांगताना मला दरवर्षी आनंद होतो.) म्हणून माझं पहिलं सांगणं असं : माहितीपुस्तिका मागा आणि यंत्र जास्तीत जास्त किती काठिण्याचं पाणी मऊ करू शकतं तो आकडा बघा. तो बऱ्याचदा जर्मन अंशांत असतो. एक अंश म्हणजे लिटरमागे साधारण 18 मिलिग्रॅम. बाईंचं पाणी 27 अंशांचं झालं. ओट्यावर ठेवायच्या काही लहान यंत्रांत मीठ घालायची सोयच नसते. तसलं यंत्र कितीही मोठ्या नावाचं असलं, तरी बाईंच्या घरी ते टिकणार नाही.

आता जास्तीच्या पैशांचं. महागड्या यंत्रात मला तीन गोष्टी खरोखर वेगळ्या दिसल्या. आवाज कमी असतो. मागची नळी फुटली तर पाणी आपोआप बंद करणारी झडप असते. आणि भांडी जास्त कोरडी निघतात. सीमेन्स आणि बॉशच्या वरच्या मॉडेलांत यासाठी झिओलाइटच वापरतात; ते ओल शोषून घेतं आणि शोषताना गरम होतं. ही दोन्ही नावं एकाच म्युनिकच्या बीएसएच कंपनीची आहेत, तेव्हा त्या दोघांत निवडताना फार रात्री जागवू नका. पण भांडी स्वच्छ निघणं हे गरम पाणी, चांगली पावडर, वेळ आणि पाण्याचा मारा यांवर ठरतं, आणि हे मधल्या किमतीच्या यंत्रातही पुरेसं मिळतं. भांडी कोरडी व्हावीत म्हणून मी धुणं संपल्यावर दार चार बोटं उघडून ठेवते. आपली ताटं-वाट्या स्टीलच्या, पातळ. त्यांच्यात चिनी मातीच्या भांड्यांसारखी ऊब राहत नाही, म्हणून हे करावंच लागतं. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली एकाला एक लागून असतील, तर मात्र कमी आवाजासाठी पैसे मोजावेत. दिवसा मीटरवर भार नको म्हणून, किंवा दिवसा वेळ नाही म्हणून, आपण हे यंत्र रात्रीच लावतो.

नाव ओळखीचं नाही म्हणून यंत्र टाकून देऊ नका, हेही सांगते. आपल्याकडे 2018 मध्ये व्होल्टास बेको आलं, तेव्हा अनेकांना ते नाव नवं होतं. पण बेको ही तुर्कस्तानच्या आर्चेलिकची जुनी खूण, युरोपात घरोघरी माहीत असलेली. उलटं बघितलं तर कित्येक कंपन्या स्वतः डिशवॉशर बनवत नाहीत, दुसऱ्याच्या कारखान्यातून आणून त्यावर आपलं नाव लावतात. त्यात वाईट काही नाही. प्रश्न येतो तो चार वर्षांनी, पंप गेल्यावर.

सोलापूरच्या माझ्या मामेबहिणीच्या घरी तेच झालं. तिने 2021 मध्ये ऑनलाइन एक स्वस्त यंत्र घेतलं. दीड वर्ष उत्तम चाललं. मी स्वतः तिच्याकडे राहून वापरलंय, भांडी लख्ख निघत. मग घाण पाणी बाहेर टाकणारा पंप बंद पडला. तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, आणि पुढचे अकरा आठवडे "पार्ट मागवला आहे" एवढंच उत्तर. सोलापुरात त्या कंपनीचा माणूसच नव्हता. पुण्याहून कोणी एकदा आला, बघून गेला, परत आला नाही. शेवटी तिने नाद सोडला. आता त्या यंत्रात ती लोणच्याच्या बरण्या ठेवते. संधिवाताने बोटं आखडलेली, म्हणून तिने साठवलेले पैसे होते ते. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण "घे, काही होत नाही" असं मीच तिला म्हटलं होतं.

आमचं यंत्रही सातव्या वर्षी बिघडलंच. पण तिसऱ्या दिवशी माणूस आला, त्याच्या पिशवीत पंप होता, तासाभरात काम झालं. आमचं यंत्र तिच्या यंत्रापेक्षा फार भारी होतं असं मी म्हणणार नाही. त्या माणसाच्या पिशवीत पंप होता, एवढाच फरक.

युरोपात 1 मार्च 2021 पासून नियमच आहे : डिशवॉशरचं एखादं मॉडेल बाजारातून गेल्यावरही मोटर, पंप असे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना किमान 7 वर्षं मिळाले पाहिजेत, आणि तेही 15 कामाच्या दिवसांत. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, पण असं बंधन नाही. म्हणून ते काम आपण करायचं. घेण्याआधी कंपनीच्या क्रमांकावर फोन करून आपला पिनकोड सांगा आणि विचारा : माणूस कुठल्या गावाहून येतो? निचऱ्याच्या पंपाची किंमत किती? तो आत्ता तुमच्याकडे आहे का? जो किंमत लगेच सांगतो, त्याच्याकडे बहुधा तो पंप असतो. विकणाऱ्या दुकानदाराला यातलं काही विचारू नका, त्याचा संबंध यंत्र घरी पोचेपर्यंतच.

वरच्या मजल्यावरच्या काकूंसाठी एक वेगळी सूचना. पाण्याची टाकी तुमच्या नळाच्या जेवढी वर, तेवढाच दाब. दहा मीटरला साधारण एक बार (बार हे दाबाचं माप). काकूंच्या डोक्यावर लगेच गच्ची, म्हणजे नळाला दाब तीन मीटरचाही नाही. बरीच यंत्रं निदान अर्धा बार मागतात. त्यांना आधी छोटा प्रेशर पंप बसवावा लागला.

आणि दुकानात जाताना घरची कढई, सगळ्यात मोठं ताट आणि कुकरचं भांडं बरोबर न्या. लाजायचं कारण नाही. जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंना 1886 मध्ये डिशवॉशरचं पेटंट मिळालं. त्यांनी आपल्या घरच्या बशा-कप मोजून तारेचे कप्पे केले होते. आज यंत्रावर 14 सेट लिहिलेलं असतं, ते सेट युरोपी जेवणाचे. आपली परात आणि पातेली त्या हिशेबात नाहीत. खालच्या जाळीचे दाते आडवे पडतात का, वरची जाळी वरखाली होते का, ताट ठेवल्यावर फवारणीचं पातं अडकत नाही ना, हे हाताने फिरवून बघा. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर, पितळ आणि बिडाचा तवा मात्र कुठल्याच यंत्रात टाकू नका. पावडर अल्कधर्मी असते, अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं.

बाईंनी दोन्ही कंपन्यांना फोन केले. नावाजलेल्या कंपनीने पंपाची किंमत "माणूस येऊन सांगेल" म्हटलं. न ऐकलेल्या कंपनीचं सेवा केंद्र नगर रस्त्यावरच निघालं. पंप आहे म्हणाले, किंमत सांगितली. काठिण्याचा आकडा दोन्हींचा चालण्याजोगा आहे. येत्या शनिवारी आम्ही दोघी ते केंद्र बघायला जाणार आहोत. पंप डोळ्यांनी बघितल्याशिवाय बाईंना पैसे भरू देणार नाही, असं मी त्यांना सांगून ठेवलंय.