आमची वाटचाल : पुरवठादाराच्या कर्नलपासून आमच्या कर्नलपर्यंत

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात आम्ही दोघा भागीदारांनी २०११ साली शीतगृहांसाठी तापमानाची नोंद ठेवणारी यंत्रे बनवायला सुरुवात केली. भिंतीवर बसणाऱ्या आमच्या पेटीत लिनक्स ही संगणक प्रणाली चालते. सेन्सरकडून आलेले तापमान ती साठवते आणि ब्लूटूथवरून पर्यवेक्षकाच्या मोबाइलला व थर्मल प्रिंटरला देते. नाशिकची द्राक्षे आणि तासगावचा बेदाणा यांच्या आधाराने व्यवसाय स्थिरावला. पेटीतला कर्नल (लिनक्सचा गाभा; आमचा ४.४ या आवृत्तीच्या शाखेचा) बोर्डाच्या, म्हणजे पेटीतल्या छोट्या संगणकाच्या, पुरवठादाराकडून येत असे, तो आम्ही जसाच्या तसा वापरत असू, आणि तो उघडून पाहणे हे आपले काम आहे असे आम्हाला तेव्हा वाटत नव्हते.

१२ सप्टेंबर २०१७ रोजी आर्मिस या कंपनीच्या संशोधकांनी ‘ब्लूबोर्न’ या नावाने ब्लूटूथमधील आठ त्रुटी जाहीर केल्या. त्यांतली सीव्हीई-२०१७-१०००२५१ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटींना दिला जाणारा क्रमांक) ही थेट लिनक्स कर्नलमधली होती. दोन उपकरणे जोडली जाताना ब्लूटूथच्या एल२कॅप या थरात जोडणीच्या अटी ठरतात. समोरच्या उपकरणाने ‘निर्णय प्रलंबित’ असे उत्तर पाठवले, की कर्नल स्टॅकवरच्या (चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीतल्या) ६४ बाइटच्या जागेत आपले प्रत्युत्तर रचू लागे, आणि आलेले पर्याय त्या जागेत मावतील की नाही हे तपासतच नसे. कोडच्या त्याच फंक्शनमध्ये (विशिष्ट काम करणाऱ्या तुकड्यात), ‘अटी अमान्य’ या उत्तरासाठी असलेल्या शेजारच्याच भागात मात्र लांबीची तपासणी होती. चार-सहा ओळींच्या अंतरावर एकीकडे राखण आहे आणि दुसरीकडे नाही, हे वाचताना मी अस्वस्थ झालो होतो.

हल्ल्यासाठी पेअरिंगची, म्हणजे दोन उपकरणांनी आधी एकमेकांना मान्यता देण्याची, गरज नव्हती आणि यंत्र शोधात न दिसण्याची सोय करूनही संरक्षण मिळत नव्हते. म्हणून प्रश्न असा उरला की आमच्या पेटीत ही त्रुटी यंत्र बंद पाडण्यापुरतीच आहे, की पेटीचा ताबा घेऊ देणारी आहे. स्टॅकवरचा असा अतिक्रम (ठरलेल्या जागेबाहेर लिहिणे) पकडणारे संरक्षण कर्नल बांधताना चालू ठेवता येते, पण पुरवठादाराच्या मांडणीत ते बंद होते. ३२ बिटी एआरएम प्रोसेसरवरच्या त्या कर्नलला, हल्लेखोराला अंदाज येऊ नये म्हणून स्मृतीतील पत्ते बदलते ठेवण्याचीही सोय नव्हती. पेटी शीतगृहाच्या कार्यालयीन नेटवर्कला जोडलेली असे आणि मालाच्या फाटकाशी दिवसभर अनोळखी गाड्या उभ्या असत. तापमानाच्या ज्या नोंदींवर माल स्वीकारला किंवा नाकारला जातो, त्या नोंदीच कोणी बदलू शकेल, या निष्कर्षापाशी आम्ही आलो आणि त्याच दिवशी ग्राहकांना तसे लेखी कळवले.

इथे माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. कोणत्या ठिकाणी कोणती कर्नल प्रतिमा (बांधून तयार केलेली प्रत) चालू आहे याची नोंदवही आम्ही ठेवलीच नव्हती. सिमकार्ड असलेल्या पेट्यांचे ब्लूटूथ आम्ही दूरवरून बंद केले. उरलेल्या पेट्या जुन्या बिलांवरून शोधाव्या लागल्या, आणि त्यात जे दिवस गेले ते दुरुस्तीपेक्षा जास्त होते.

दुरुस्ती लिनक्स प्रकल्पाच्या मूळ कर्नलमध्ये आलेली होती. प्रत्युत्तर रचणाऱ्या फंक्शनला जागेचा आकारही सांगायचा आणि पर्याय मावत नसेल तर तो लिहायचाच नाही, एवढाच तिचा गाभा. पुरवठादाराकडे विचारणा केल्यावर नवी आवृत्ती कधी मिळेल ते सांगता येणार नाही, असे उत्तर आले. त्यांनी त्या फाइलमध्ये स्वतःचे बदल केलेले असल्याने दुरुस्तीचा पॅच (कोडमधला बदल) आपोआप बसेना, म्हणून माझ्या भागीदाराने तो हाताने बसवला. फंक्शनला द्यायची माहितीच (प्राचल) बदललेली असल्यामुळे ते जिथे वापरले होते अशी एखादी जागा सुटली, की कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर तिथेच अडवत होता, याचा फार आधार वाटला. टेबलावरच्या चाचणीत जुनी पेटी घातक उत्तर मिळताच कोसळत होती, नवी चालू राहत होती आणि प्रिंटरही पूर्वीसारखाच जोडला जात होता. त्याच वेळी आम्ही स्टॅकचे संरक्षण चालू केले, आणि ब्लूझेड या लिनक्सवरच्या ब्लूटूथ सॉफ्टवेअरच्या ५.४६ पर्यंतच्या आवृत्त्यांतील माहितीगळतीची त्रुटी, सीव्हीई-२०१७-१०००२५०, हीदेखील बंद केली.

नाशिककडची शीतगृहे सप्टेंबरात द्राक्षांअभावी रिकामी होती, त्यामुळे तिथले काम सोपे गेले. तासगावला मात्र दिवाळीच्या मागणीसाठी बेदाणा भरलेला होता. तिथे दुसरी पेटी शेजारी लावून, नोंद खंडित न होऊ देता, कर्नल असलेली मेमरी कार्डे बदलली.

ऑक्टोबर २०२० मध्ये ‘ब्लीडिंगटूथ’ या नावाने लिनक्सच्या ब्लूटूथमधील तीन त्रुटी पुढे आल्या, तेव्हा आमच्याकडे नोंदवही होती आणि कर्नलच्या कोडचे स्वतःचे भांडार होते. त्यांतली एक मूळ कर्नलमध्ये ४.८ पासून आणि एक ४.१९ पासून आलेली होती, पण जुन्या शाखांमध्ये नंतरचे बदलही आणले जातात, त्यामुळे केवळ आवृत्तीच्या आकड्यावर न विसंबता आम्ही दोन्ही ठिकाणचा कोड उघडून पाहिला. आमच्याकडे ते बदल नव्हते. स्टॅकमधली माहिती बाहेर पडू देणारी तिसरी, ३.६ पासूनची त्रुटी मात्र आम्हाला लागू होती. ज्या हाय स्पीड सुविधेत ती होती ती आम्ही कधीच वापरली नव्हती, तरीही ती कर्नलमध्ये बांधली जात होती. पॅच बसवून ती सुविधाच बांधणीतून काढून टाकली आणि आठवडाभरात बहुतेक पेट्या अद्ययावत झाल्या.

४.४ शाखेची देखभाल फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. जे बोर्ड नव्या कर्नलवर नेता आले ते नेले. जे नेता आले नाहीत, त्यांच्यावरचे ब्लूटूथ कायमचे बंद करून प्रिंटर केबलने जोडून दिला.