काजऱ्याचं फळ आणि धनेश

"पाखरं खातात, मग आपल्याला काय होतंय?" देवरुखजवळ काजऱ्याच्या झाडाखाली पडलेलं नारिंगी फळ उचलत एकजण आज सहज म्हणाला.

धनेश पक्षी हे फळ खातो, खरं. पण तो बी फोडत नाही, अख्खी बाहेर टाकतो. विष मुख्यतः त्या चपट्या, बटणासारख्या, रुपेरी लवेच्या बीत असतं: स्ट्रिक्नीन. स्नायू आखडतात, श्वास अडतो. गरही चाखू नये.

वैद्य हीच बी, म्हणजे कुचला, औषधात वापरतात, पण गोमूत्रात भिजवून, दुधात शिजवून, साल आणि आतला अंकुर काढून. एवढं करूनही मात्रा अगदी थोडी. घरी करायचं हे काम नव्हेच!

धनेशाच्या ढोलीखाली पडलेल्या बिया मात्र जरूर बघा. तुमच्या देवराईत काजरा उरलाय का?