येझदीचं क्रोमिंग करून घेताना

जुन्या येझदी मोटारसायकलचं हँडल आणि दोन्ही सायलेन्सर क्रोमिंगला, म्हणजे विजेच्या मदतीनं लोखंडावर आधी निकेलचा आणि वर क्रोमचा चकचकीत थर चढवायला घेऊन गेलो, तर प्लेटिंगवाल्यानं सायलेन्सर हातातच घेतले नाहीत. टू-स्ट्रोक गाडी, आत तेलकट काजळीचे थर. ती घाण टाकीत उतरली की निकेलचं अख्खं पाणी नासतं. कॉस्टिक सोड्यात उकळून, आतून साफ करून आणले तेव्हा कुठे पावती फाटली.

जुनं क्रोम ॲसिडमध्ये उतरवलं, त्याखालचं निकेल उलटा करंट देऊन काढलं. उघड्या लोखंडावर गंजाचे खड्डे दिसले. “निकेल खड्डा बुजवत नाही, उलट उठून दाखवतं,” कारागीर म्हणाला. म्हणून आधी एमरीच्या खरखरीत पट्ट्यावर घासणं, मग बफवर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर पॉलिश. बिलातली मोठी रक्कम इथलीच, आणि ती द्यायला कुरकुर करू नये.

मग धुलाई. ओल्या हँडलवर पाणी सलग पसरलं तर ठीक; कुठे फाटलं तर तिथे तेलाचा अंश आहे, पुन्हा धुवा.

निकेलची टाकी म्हणजे गरम, हिरवंगार पाणी. हँडल तांब्याच्या तारेनं निगेटिव्हला टांगलं, पॉझिटिव्हला कापडी पिशव्यांत निकेलचे तुकडे. व्होल्टेज जेमतेम मोटारीच्या बॅटरीएवढं किंवा त्याहून कमी, करंट मात्र दणदणीत. पिशवीतलं निकेल पाण्यात विरघळतं, तितकंच हँडलवर बसत राहतं. टोकांवर जास्त, वळणाच्या आतल्या बाजूला कमी. गंज पुन्हा तिथूनच डोकावतो. त्यामुळे दर विचारण्याआधी निकेलमध्ये किती वेळ ठेवणार ते विचारावं. चांगल्या कामात हा थर 20 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो, वरचं क्रोम अर्धा मायक्रॉनसुद्धा नसतं. चकाकी बरीचशी निकेलची. क्रोम त्याला निळसर झाक आणि कडकपणा देतं.

क्रोमची टाकी काही मिनिटांचं काम. इथे पॉझिटिव्हला शिसं असतं, क्रोम येतं ते पाण्यातल्या क्रोमिक ॲसिडमधून. त्याच्या वाफेनं कर्करोग होऊ शकतो, म्हणून टाकीच्या काठाला हवा ओढणारी यंत्रणा होती. व्हिडिओ बघून हे घरच्या बादलीत करायला जाऊ नका.

स्टँडची स्प्रिंग मी रंगवूनच घेतली. ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, तो कडक पोलादात शिरतो; नंतर भट्टीत तापवून बाहेर काढला नाही तर स्प्रिंग एके दिवशी कट्कन तुटते. त्या कारखान्यात भट्टी नव्हती.